खिळ्यावरचं कव्हर

८ मार्च, शनिवार. दुकान आवरल्यावर.
आज गर्दी अफाट. रुईच्या माळा दुपारीच संपल्या, तेलाच्या बाटल्या चारपर्यंत. झाडून घेताना बाकावर एक वस्तू दिसली. काळं कापडी कव्हर, खांद्याला अडकवायला पट्टा, आत हातात धरून खेळायचं गेमचं मशीन. कुणीतरी चपला काढायला टेकलं असणार आणि दर्शनाच्या घाईत विसरलं असणार.

नशीब त्याचं की माझ्या दुकानात विसरला. मी, अवधूत, वय बेचाळीस, शनिशिंगणापुरात पूजासाहित्य विकतो. आजवर दुसऱ्याची टाचणी उचललेली नाही. आमच्या घराला दार नाही, चौकटीला पडदा. शेजाऱ्यांचंही तसंच. इथं कुणी हात मारला तर शनिदेव त्याचे डोळे घेतो, त्याला शीव ओलांडू देत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे माणूस आपोआप प्रामाणिक होतो. मी तर मुळातच आहे.

उद्या सकाळी खिळ्याला टांगणार.

९ मार्च, रविवार
आमच्या गल्लीत रीत आहे. सापडलेली वस्तू दुकानाच्या पुढच्या खिळ्याला टांगायची. मालक शोधत येतो, ओळखतो, घेऊन जातो. कुणी काही विचारत नाही. शेजारच्या गोरक्षनाथच्या रसवंतीच्या खिळ्याला सध्या एक चष्मा आणि लहान मुलाचा एकच बूट आहे.

मी कव्हर टांगलं. मशीन काढून दुकानात ठेवलं. कारण ऊन. खिळ्यावर दुपारभर ऊन असतं, प्लास्टिक वाकडं होतं. मालकाला कव्हर ओळखू आलं की झालं. बायको, सविता, म्हणाली की मशीनसकट टांगा ना. मी तिला उन्हाचं सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, बरं. तिच्या ह्या ‘बरं’वर कधीतरी स्वतंत्रपणे लिहायला पाहिजे.

११ मार्च, मंगळवार. दुकानात शुकशुकाट.
मालकाचं नाव-गाव मिळतं का बघायला मशीन चालू केलं. निव्वळ चौकशी.

आत एकच गेम. ‘नऊ श्वास’. मारामारीचा आहे, पण नुसता मारामारीचा नाही. एका शिष्याच्या गुरूला कुणीतरी मारलंय, आता त्यानं नऊ गुरूंकडे जायचं, प्रत्येकाशी लढून एकेक श्वास शिकायचा. जसं लढाल तशी ताकद वाढते. मालक भलताच पुढे गेलाय. एकसष्टावी पातळी. खेळाडूचं नाव इंग्रजीत AJA. आडनाव नाही, गाव नाही, फोन नाही. चौकशी संपली.

तरी थोडं खेळून बघितलं. मालक आला की त्याला मशीन ठीक चालतं का ते सांगता आलं पाहिजे. त्यासाठी गुण-दोष टिपून ठेवतो.

गुण: हात भराभर चालतो. वार, अडवणं, उडी, तीनच बटणं, पण त्यातून काय काय निघतं! नुसती बटणं बडवली तर गडी धापा टाकतो, श्वास सांभाळून मारावं लागतं. हे मला फार पटलं. आणखी एक, शस्त्रांना आपल्या मनानं नाव देता येतं.
दोष: अक्षरं मुंगीएवढी. आणि मालकानं त्या नाव देण्याच्या सोयीचं वाटोळं केलंय. शस्त्रांची नावं बघा, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली: ‘रडायचं न्हाई’, ‘कॉलेज सोडू नको’, ‘तात्यांची गोळी आठला’, ‘तू खेळ मी बघतो’. एका वाकड्या काठीचं नाव ‘मी बरा हाय’. अहो, शस्त्र आहे ते! मी असतो तर ‘कालभैरव’ ठेवलं असतं.

१३ मार्च, गुरुवार. होळी.
आजपासून मशीनला हात लावायचा नाही. ठरलं.

दुपारी ३. सहाव्या गुरूपाशी मालक अडकलेला दिसतोय. त्याला मदत होईल म्हणून एकदाच लढलो. हा सहावा गुरू आंधळा म्हातारा आहे. डोळे नाहीत, पण आपण बटण दाबायच्या आत त्याला कळतं. दहा वेळा हरलो. औषधं संपली. मग गेममधल्या दुकानात ती वाकडी काठी विकून औषधं घेतली. नाहीतरी सगळ्यात कमजोर शस्त्र ते. पुन्हा हरलो.
दोष (गंभीर): गेम आपोआप साठवला जातो. विकलेलं परत येत नाही. खेळणाऱ्यावर इतका अविश्वास बरा नव्हे.

संध्याकाळी होळीभोवती बोंब मारताना सविता माझ्याकडेच बघून बोंबलत होती असं वाटलं. भास असेल.

१४ मार्च, शुक्रवार
उजव्या डोळ्याला रांजणवाडी. होळीचा धूर.

१६ मार्च, रविवार
चार्जिंग संपलं. मशीनची पिन जुन्या पद्धतीची, गावात मिळेना. सोनईला जावं लागलं. मशीन बरोबर नेलं नाही. लोकांना वाटेल, घाबरला. घाबरलो नाही. पण जी वस्तू गावाची शीव ओलांडत नाही तिला चोरी कसं म्हणणार? वस्तू गावात, मी गावात, मालक येईल तो गावातच. ह्याला म्हणतात राखण.

पिनेच्या भोकाचं चित्र कागदावर काढून नेलं होतं. दुकानदारानं दाढीच्या ट्रिमरचा चार्जर दिला. परत गेलो. ह्या वेळी चित्र मोठं काढलं. बरोबर मिळाला. मालकाच्या वस्तूसाठी एवढी पायपीट आजकाल कोण करतं?

रांजणवाडी वाढली आहे. सोनईचा धूर.

१८ मार्च, मंगळवार
गोरक्षनाथ रसाचा पेला घेऊन आला. म्हणाला, वरच्या अंगाच्या दुकानांत पाथर्डीकडचा एक म्हातारा फिरत हुता, सोबत पोरगी हुती, कायतरी मशीन राहिलंय म्हनत हुते. रडवेली झाल्ती पोरगी. तुमच्याकडं आले न्हाईत का?

मी म्हणालो, माझ्याकडे कुणी आलं नाही. हे शंभर टक्के खरं आहे. वरच्या अंगाला विचारलं, खालच्या अंगाला विचारलं नाही, ह्यात माझा काय दोष? शिवाय ‘कायतरी मशीन’ म्हणजे शिवणाचंही असू शकतं.

खिळ्यावर कव्हर आहेच. मी लपवलेलं काहीच नाही.

मशीन मात्र सध्या काळ्या उडदाच्या डब्यात ठेवतो. दार नसलेल्या घरात मौल्यवान वस्तू ठेवायची कुठे, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा पडला. लपवण्यासाठी नाही. उडदात दमट हवा लागत नाही.

२० मार्च, गुरुवार. एक महत्त्वाचा आणि उदार निर्णय.
मी मालकाच्या खेळात हरतो, त्यात त्याची औषधं जातात. हे मला पटेना. लोकांच्या घरात पाहुणा म्हणून राहावं आणि त्यांचाच शिधा संपवावा? छे. म्हणून आज मी स्वतःचा वेगळा खेळ नव्यानं सुरू केला. त्याचं त्याला, माझं मला.

सुरू करताना गेमनं काहीतरी विचारलं. लाल चौकट, चार ओळी, बारीक अक्षरं, माझा एक डोळा बंद. शेवटी हो की नाही एवढंच कळलं. हो दाबलं. माणसानं हो म्हणणारं असावं.

खेळाडूचं नाव AVADHUT. पहिल्या बांबूच्या काठीचं नाव ‘कालभैरव’.
गुण: सुरुवात फार सोपी. मी मुळात चांगला खेळतो, हे आज सिद्ध झालं. गेममधल्या गावात घरं उघडीच असतात. आत जाऊन पेट्या उघडायच्या, असेल ते घ्यायचं. कुणी हूं की चूं करत नाही. सतरा घरं केली.
दोष: अडवायचं बटण अडकतंय. खाली उडदाचा दाणा दिसतो. कंपनीनं अशा फटी ठेवायलाच नकोत.

२२ मार्च, शनिवार
जुना खेळ दिसत नाही.

मशीन चालू केलं की फक्त AVADHUT येतं. AJA कुठेच नाही. सगळीकडे बघितलं. सेटिंगमध्ये गेलो, भाषा चुकून जपानी झाली, ती परत आणण्यात गिऱ्हाइकं गेली. शेवटी मदतीच्या पानावर एक डोळा लावून वाचलं: ह्या गेममध्ये एकच खेळ साठवता येतो.

दोष (फार मोठा): एकच जागा. नवा आला की जुना जातो. एवढा मोठा गेम, नऊ गुरू, डोंगर, नद्या, आणि जागा एका माणसाची! ज्यानं बनवला त्याला घरात भाऊ-बहीण नसावेत.

पण मी घाबरलेलो नाही. गेलं म्हणजे जाणार कुठे? आमच्या गावात कुणाचं काही जात नाही. देवाच्या हद्दीत आहे मशीन. असेल आत कुठेतरी.

आणखी एक. गेममध्ये माझ्या मागे एक काळा माणूस चालायला लागलाय. वार करत नाही, बोलत नाही. मी थांबलो की थांबतो. घरात शिरलो की दाराबाहेर उभा. हा कोण ते गेम सांगत नाही. दोषांत लिहून ठेवतो.

२४ मार्च, सोमवार
सविताला सांगितलं. म्हणजे सगळं नाही. म्हणालो की कुणाच्या मशीनमधला जुना खेळ पुसला गेला तर काय बिघडतं? खेळच तर आहे. ती धान्य निवडत होती. म्हणाली, कुणाचा होता त्यावर आहे. एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली की त्या मशीनचं कव्हर कव्हा काढनार खिळ्यावरून, का आता त्यालाच हार घालायचा?

मी म्हणालो की योग्य वेळी. आणि योग्य वेळ कशी आणायची ते मला आज सुचलं.

योजना: मालकाचा खेळ मी पुन्हा उभा करणार. एकसष्टाव्या पातळीपर्यंत खेळायचं. तीच शस्त्रं मिळवायची, त्यांना तीच नावं द्यायची. खेळाडूचं नाव तेवढं बदलता येत नाही, पण मालक कशाला बघतोय कोपऱ्यात. त्याला कळणारही नाही. उलट मी आंधळ्या म्हाताऱ्यालाही हरवून देईन, वर आणखी खूश होईल.

चौथ्या पातळीवर आहे. आठवडाभराचं काम.

२५ मार्च, मंगळवार
दुकान सविता बघते. मी खेळतो. पाचवी पातळी.

अंगठा सुजला.

२७ मार्च, गुरुवार
सातवी. वाकडी काठी सहाव्या गुरूच्या डोंगरावरच मिळते म्हणे, मी अजून दुसऱ्याकडे. तोवर बांबूच्या काठीचंच ‘कालभैरव’ पुसून ‘मी बरा हाय’ केलं. एका कोयत्याला ‘रडायचं न्हाई’. अक्षरं शोधून शोधून टाइप करताना डोळ्यातून पाणी येत होतं. रांजणवाडीचं.

टाइप करताना एक विचार आला. शस्त्राला असं नाव कोण देतं? ज्याला दुसरीकडे लिहायला जागा नाही तो. विचार पूर्ण केला नाही. काळा माणूस आता दोन पावलांवर असतो.

गोरक्षनाथ सांगत होता की परवा शनी मीन राशीत जातोय आणि अमावस्या पण शनिवारीच. मेष राशीला साडेसाती लागते. मग हसून म्हणाला, तुमची मेषच ना वो? मी म्हणालो की मी असलं मानत नाही. शनीच्या दारात दुकान आणि असलं मानत नाही म्हणालो, हे त्याला फार गमतीचं वाटलं.

२८ मार्च, शुक्रवार
नववी पातळी. एकसष्टला फार नाही उरलं. उद्या गर्दी इतकी असेल की कुणाला कुणाकडे बघायला फुरसत नाही. कव्हर काढून टाकावं असं एकदा मनात आलं. पण नको. माणसानं प्रामाणिक असावं.

उजवा डोळा पूर्ण मिटला.

२९ मार्च, शनिवार. शनी अमावस्या.
माणसांचा पूर. रस्त्यावर तेल सांडून चिकचिक झालेली. मी एका डोळ्यानं माळा देत होतो. अचानक पुढच्या गर्दीतली एक मुलगी थांबली. खिळ्याकडे बघत राहिली. मग कव्हराला हात लावला, पट्ट्याला कुठेतरी हिरव्या दोऱ्याचा टाका होता तो बोटानं चाचपला. मागे म्हातारा. तिनं आत हात घातला. कव्हर रिकामं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो की मशीन सुरक्षित आहे, आत आहे, ऊन लागतं म्हणून. उडदाच्या डब्यातून काढून दिलं. सविता तिथंच उभी होती.

म्हाताऱ्याचा आनंद बघवत नव्हता. माझे हात धरले. नाव बिभीषण, पाथर्डीकडचे, ऊसतोडीला जातात. म्हणाले, तीन शनवार झालं हिंडतोय, सायेब, पन मला माहीत हुतं, या गावात न्हाई जायाचं. पोरीला मीच म्हनलं, सुकन्या, तितं देव राखतोय. मग सांगायला लागले, मी न विचारता. मशीन पोराचं. अजिनाथ. उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर हुता. मूत्रपिंडं गेली. दिवाळीपासून नगरला दवाखान्यात. शेवटी घशात नळी, बोलता यीना. कागुद-पेन धरवंना, पन ह्याची बटनं दाबायचा. भनीला जे सांगायचं ते ह्यात लिवायचा. संक्रांतीला गेला. तेलाचा नवस बोलला हुता आमी, तो तरी फेडावा म्हनून आल्तो त्या दिवशी.

मला लिहिता येत नाही आता, पण लिहितो. मला लाज वाटली. हे उद्या खोडीन.

सुकन्यानं मशीन चालू केलं. माझं नाव आलं असणार. ती खाली खाली गेली. बांबूची काठी. कोयता. माझी ती दोन नावं. तिथं थांबली. माझ्याकडे एकदाच बघितलं. मी तोंड उघडलं. गेममध्येच दोष आहे, एकच जागा आहे, असं सांगणार होतो. सांगितलं नाही.

तिच्या तात्यांनी विचारलं, हाय ना गं त्याचं समदं? मला वाचता येत न्हाई वो, ही रोज वाचून दाखवती. दाखव की, ह्यांनाबी ऐकू दे.

ती म्हणाली, हाय तात्या, समदं हाय.

आणि तिनं पडद्याकडे बघत वाचून दाखवलं. रडायचं न्हाई. कॉलेज सोडू नको. तात्यांची गोळी आठला. तू खेळ मी बघतो. मी बरा हाय. पुढं आणखी कितीतरी, जी मी कधी उघडूनही बघितली नव्हती. शेवटचं होतं, तात्यांना सांगू नको मला दुखतंय. ते तिनं वाचताना जरा थांबून ‘तात्यांना सांग दुखत न्हाई’ असं वाचलं. तात्या प्रत्येकाला मान हलवत होते. पडद्यावर तेव्हा फक्त माझा गडी उभा होता, आणि त्याच्या पाठीशी तो काळा माणूस.

मला कसं कळलं ‘तात्यांना सांगू नको’ होतं? कळलं. वाचताना तिचे ओठ आधी तसे हलले.

तात्यांनी पुन्हा माझे हात धरले. तेलाची बाटली घेतली, मी नको नको म्हणालो तरी जास्तीचेच पैसे ठेवून गेले. म्हणाले, तुमचं डोळं बरं न्हाई वाटतं, जपा. सुकन्यानं कव्हर खांद्याला अडकवलं, बंद लावला, बापाला दंडाला धरून गर्दीत घेऊन गेली. लांबपर्यंत काळं कव्हर दिसत होतं.

मग वळलो. मशीन बाकावर होतं. त्या दिवशी होतं त्याच जागी.

मागे धावलो. गर्दीत शिरलो, तेलावरून घसरलो, उठलो. सापडली नाहीत. परत आलो तर सविता बाकाकडे बघत उभी. ‘बरं’ म्हणाली नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा.
रांजणवाडी रात्रीत फुटली. दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतंय. गोरक्षनाथ म्हणाला, बघा, देव पावला.

नव्या वर्षाचे संकल्प: १. मशीनला हात लावायचा नाही. २. पाथर्डीला जायचं. कुठल्या गावात ते विचारायचं राहिलं. शिवाय तात्यांसमोर मशीन परत करणार कसं? त्यांच्या लेखी ते त्यांच्याकडेच आहे. संकल्प दोन रद्द.

गुढी उभारायच्या आधी सवितानं मशीनला सुतळी बांधली आणि खिळ्याला टांगलं. मी उन्हाबद्दल काही बोललो नाही.

दिवसभर लोक येत-जात होते. दोघांनी हातात घेऊन बघितलं. एकानं चालू केलं, बटणं दाबली, मग विचारलं, कुणाचं आहे हो? मी म्हणालो, कुणाचं तरी राहिलंय. त्यानं परत नीट टांगलं आणि नमस्कार करून गेला.

संध्याकाळी बघितलं, तिथंच होतं. आमच्या गावात कुणी काही नेत नाही.